मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे

आज सभा गच्चीवर. खालच्या हॉलमध्ये अजून चिखल आहे.
बावीसपैकी चौदा हजर, म्हणजे कोरम झाला.
झाला नसता तर अर्धा तास थांबून
त्याच जागी तीच सभा भरवता येते, असा नियम आहे.
पुराला हा नियम कुणी सांगितला कोण जाणे,
मंगळवारी उतरला
आणि थोडं थांबून त्याच जागी परत आला.

धन्वंतभाई अध्यक्ष. लेंगा अजून गुडघ्यापर्यंत दुमडलेला.
विषय एक, पंप जळाला.
विषय दोन, नऊ नंबर.
मालक टोरांटोला, देखभाल खर्च अकरा वर्षं थकलेला,
आणि रिकाम्या प्लॉटात तीन दिवस मगर.
"तिच्याकडूनच घ्या," मिहिर म्हणाला, "कब्जा तिचा आहे."
आम्ही हसलो. आठवड्यात पहिल्यांदा.

तिला धरायला तेजसची पोरं आली होती,
डोळ्यांवर ओलं पोतं, जबड्याला दोरी, टेम्पोत घातली.
कुठे सोडली?
नदीत.
"म्हणजे इथेच," प्रभुणे म्हणाले, "भिंतीपलीकडे."

मग भिंतीवरच आलो.
तीन फूट उंच करायची, घरटी चाळीस हजार.
आजव्याचे दरवाजे कुणी, किती वाजता उघडले,
काळ्या घोड्याशी पाणी किती होतं,
महानगरपालिकेला अर्ज कुणी लिहायचा
(मी).
तेवढ्यात शारदाबेन वाघेला, शेवटच्या ओळीतल्या,
एरवी सभेत फक्त थर्मास घेऊन येतात, त्या म्हणाल्या,
"पाणी भिंतीवरून नाही आलं.
बागेतून आलं. बाकड्याखालून.
दूध उतू जातं ना, तसं. मी जागी होते."

जुनं रजिस्टर माझ्या मांडीवर होतं.
पानापानात वर्तमानपत्र घालून दोन रात्री
इस्त्री फिरवली आहे त्याच्यावर.
पहिली सव्वीस पानं मोडीत, तात्यांच्या हातची.
हुजूर कचेरीत जन्म गेला, बाळबोधीत त्यांना घाई जमत नसे.
या सोसायटीत मोडी फक्त मला येते.

"यात काही आहे का, बेन, बागेचं?"

नाही म्हणता आलं असतं.
वर्गणीचा हिशोब आहे, म्हणता आलं असतं.
चौदा माणसं, सगळी माझ्या बोटाकडे बघत होती,
बोट ठराव सातवर.

मी वाचलं.
"मागील बाजूचे कोतर निरुपयोगी असून डासांचा उपद्रव फार.
सबब ते भरून तेथे बाग करावी.
सूचक, चिटणीस. विरोध, नाही.
सन एकोणीसशे एकसष्ट."
चिटणीस म्हणजे तात्या.
त्या भरावावर माझा झोका होता.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
खाली कुणीतरी गादी बडवत होतं.
मग धन्वंतभाई म्हणाले, ठराव रद्द करायला किती मतं लागतात?
दोन तृतीयांश, मी म्हटलं.
आणि कोतर परत खणायला?
ते उपविधीत नाही.

मोडीत आधी रेघ ओढतात, पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत,
अक्षरं मागाहून तिला लटकवायची.
तात्यांनी मला पाटीवर तसंच शिकवलं.
जिन्यातल्या भिंतीवर आता पुराची रेघ आहे,
माझ्या खांद्याला लागते,
कचेरीतल्या माणसाने पट्टी धरून ओढावी इतकी सरळ.
तिच्याखाली काय लिहायचं ते पुढच्या सभेत.

मागील सभेचे इतिवृत्त कायम.
पासष्ट वर्षांपूर्वीच्या एका सभेत मात्र एक दुरुस्ती,
"निरुपयोगी" हा शब्द काढावा.
सूचक, चिटणीस.

अनुमोदनाला हात वर झाला तो शारदाबेनचा,
थर्मासासकट.