अठरा ते तीनशे

मुजावर म्हणाले, हीच घ्या,
पुन्हा बॅग उघडायला नको.
कडा जरा मऊ येतात, एवढंच.

पटलं.
सांगलीच्या मार्केट यार्डात लेन्स बदलताना
हळद आत शिरते,
मग अख्ख्या लग्नसराईत
प्रत्येक नवऱ्याच्या कपाळाशी
तोच एक डाग.
हळदीचा, पण करडा.

आज फाटकातूनच रिंग फिरवली.
हळद चाळणारी हौसाक्का
पापण्यांवरच्या भुकटीसकट
जवळ आली.
मी होतो तिथंच.

तिनं चाळण थांबवली.
"लांबनं काय बगतुयास?
हिकडं यं की, च्या पी."

जुनी पन्नासची असती
तर एव्हाना कप हातात असता.

फोटो झकास आलाय, मुजावर.
कडा मऊ आहेत,
तुम्ही म्हणालात तशा.