अठ्ठ्याऐंशी नंबर

वाकून या. चौकट ठेंगणी आहे,
भल्याभल्यांनी इथे टाळकं शेकून घेतलंय.
तिकीट दोन लारी. पोरांना फुकट,
आणि ओनीच्या शाळेतली असतील
तर वर एक सफरचंद.

ही त्यांची खोली. हे टेबल.
सगळे याचाच फोटो काढतात, तुम्हीही काढा.
पण हे शाळेतून आणलंय, ते गेल्यावर.
लिहायचे ते स्वयंपाकघरात, चुलीशी.
बहीण त्यांची, मकवाला, राजमा निवडत बसायची
आणि खडा सापडला की ठेवायची त्यांच्या कागदावर,
उडू नये म्हणून.
स्वयंपाकघर बंद आहे. छत गळतं.
कुताइसीला तीन अर्ज गेलेत.

प्रत्येक वस्तूला नंबर आहे, बघा,
पांढऱ्या रंगाने, बारीक ब्रशने.
टोपी एकवीस. दौत बावीस.
वाइन प्यायचं ते शिंग चाळीस.
ज्या खाटेवर ते गेले, तिलाही आहे.
उशीला नाही. उशी मी दरसाल नव्याने भरते.
परवा त्बिलिसीची एक बाई तिच्यापाशी रडली,
मी पाणी दिलं.
धूळ पुसणाऱ्याला रडून कसं चालेल.

अठ्ठ्याऐंशी: चष्मा, एक, काळी काडी.
यादीत असंच लिहिलंय.
एक्क्याण्णवच्या भूकंपात कपाट पालथं झालं
आणि अठ्ठ्याऐंशीचा चुरा.
तपासणीला माणूस येणार होता.
माझा इलारियोन नुकताच गेलेला,
त्याचा चष्मा माझ्या उशाशी होता.
काडी काळीच.
नंबर मी घातला. हात हलला,
म्हणून दुसरा आठ जरा कलला आहे.
माणूस आला, खूण केली, जेवून गेला.

तेव्हापासून लोक काचेला नाक लावून बघतात,
म्हणतात, काय खोल नजर असेल!
इलारियोन ट्रॅक्टर दुरुस्त करायचा.
पुस्तक हातात धरलं ते एकदाच,
डुगडुगणाऱ्या बाकाखाली सारायला.

सोमवारी सुट्टी.
सोमवारी मी काच उघडते,
एप्रनच्या टोकाने चष्मा पुसते,
त्यात माझं तोंड दिसतं, दोनदा, एवढंसं.
मग मिटते, तो मिटायचा तसा,
डावी काडी आधी.

तुम्हाला पहिल्यांदाच सांगितलं हे.
का, कोण जाणे. तुमचे बूट भिजलेत म्हणून असेल.

ते रागावले असतील का?
मकवाला सांगायची, त्यांना स्वतःचा चष्मा
कधी सापडलाच नाही जन्मात,
कुंपणावरून हाक मारून शेजाऱ्याचा मागून घ्यायचे
आणि परत द्यायला विसरायचे.

चला, मागच्या दाराने.
हे बिहीचं झाड. त्यांनी लावलं म्हणतात.
फळं कडू आहेत, पण मुरंबा बरा होतो.
तिकीट टाकू नका,
मागे मी शेवटच्या गाडीची वेळ लिहिली आहे.
ती थांबत नाही आपणहून,
रस्त्यात उभं राहून हात करावा लागतो.