स्टेशन क्रमांक चार

बालराज दुडम, वय एकसष्ट.
उजवा खांदा दुखणारे.
असं मीच त्यांना लिहून दिलंय, दोन पानांत:
नव्वद अंशांवर तोंड वाकडं करायचं,
त्याआधी नाही.
दिवसाचे तीनशे, चहा वेगळा.

चाळीस वर्षं मागापाशी उभे होते अक्कलकोट रोडला,
म्हणून अजून बोलतात खडखडाटाच्या वरून:
"मॅडम, रडू का थोडं?"
"नको. नुसतं दुखू द्या."

दुसऱ्या वर्षाची चाळीस मुलं.
निम्मी शिकली फळ्यावर, बाहुलीवर, व्हिडिओ बघून,
निम्मी आठ आठवडे
एकमेकांच्या सांध्यांवर हात ठेवून.
माझ्या प्रबंधाचा प्रश्न एवढाच,
की कुणाचे हात लवकर शहाणे होतात.
बाहेर सोलापूरचा मे.
पंखा सगळ्यांना सारखीच गरम हवा वाटतोय.
दोन्ही गटांना काटेकोर समान मिळालं
ते बहुधा तेवढंच.

आठ मिनिटं, वीस चौकोन.
हात धुतले. खूण.
स्वतःचं नाव सांगितलं. खूण.
विचारून मग हात लावला. खूण.
एक मुलगा साठ अंशांवरच घाबरला,
"काका, दुखतंय?"
"अजून नाय. जरा वर घे की, मग दुखतंय."

तेविसावी भाग्यवंती हत्तुरे, मंद्रूपची.
घरी कन्नड, पेपरात इंग्रजी,
आणि दुडमांच्या तेलुगूपर्यंत पोचायला
मधली मराठी.
"आधी चांगला हात बघते हं," म्हणाली.
तिच्या आधी बाविसांनी पाहिला होता तो डावा हात.
"वर करा," म्हटलं, त्यांनी केला,
कंबरेतून थोडं झुकून,
आणि बाविसांनी लिहिलं: ठीक.
हिनं मात्र फऱ्यावर तळवा ठेवला
आणि हात स्वतः उचलला, सावकाश.

सत्तरवर
दुडमांचं तोंड वाकडं झालं नाही.
फक्त श्वास थांबला,
सूत तुटल्यावर माग थांबतो तसा.

"इथं दुखतंय?"
त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
"ह्याचं मॅडमनी काय सांगितलं नाय."

मग हळूहळू, नेहमीपेक्षा खालच्या आवाजात:
धोटा डाव्या हातानं बदलायचो.
रात्री त्या कुशीवर झोपता येत नाय.
शर्ट बायको घालते.
भाग्यवंती ऐकत राहिली, हात न काढता,
आणि घंटा वाजली.
उजव्या खांद्यापर्यंत ती पोचलीच नव्हती.
विसापैकी नऊ.

रात्री तक्ता भरताना त्या नऊपाशी बोट अडलं.
वाढवता येत नव्हते, नियम माझेच.
शेवटच्या रकान्यात, 'शेरा' खाली, एक ओळ लिहिली.
तो रकाना संगणकात जात नाही.
आणि हेही लिहायला हवं होतं, लिहिलं नाही:
तीन दिवस मी त्यांच्यासमोर बसले होते, चार फुटांवर,
घड्याळ हातात धरून.
त्याआधी तासभर मुलाखत घेतली होती त्यांची,
दुखण्याचा अभिनय जमेल का, हे बघायला.

गटांतला फरक किती निघाला
ते प्रबंधात आहे, पान बासष्ट.

गुरुवारी दुडम ओपीडीत आले.
केसपेपरचे दहा रुपये मोजताना थांबले:
"खोटं दुखलं तर तुम्ही देता,
खरं दुखालंय तर मीच द्यायचं होय?"
खिडकीतला माणूस हसला नाही. त्याला माहीत नव्हतं.

भिंतीवर लाकडी शिडी आहे, बोटांनी चढायची.
भाग्यवंतीनं अकराव्या पायरीशेजारी
पेन्सिलीनं तारीख घातली आहे,
त्याच्या वर, बाराव्यापाशी, पुढच्या गुरुवारची.
मग दोन आठवडे काहीच नाही, नातीचं लग्न होतं म्हणे.
मग पुन्हा अकरा.

"तोंड वाकडं करू का?" ते विचारतात.
"करा की," ती म्हणते,
तळवा फऱ्यावर,
"कुठं करताय ते मला कळू द्या फक्त."