थकबाकी

एकतीस वर्षं मी लोकांचे मीटर वाचले.
शीळ, डायघर, अमृतनगर, अख्खा कौसा,
जिन्याखालच्या काळोखात बॅटरी धरून
मागचा आकडा, चालू आकडा.
दाराला कुलूप असलं की सरासरी बिल.

आता दंडाला पट्टा बांधून
खैरून माझा मीटर वाचते.
पट्टा फुगतो, आवळतो, सुस्कारा टाकतो.
वरचा आकडा, खालचा आकडा
कॅलेंडरच्या चौकटीत, पेन्सिलीनं,
दुधाच्या हिशेबाशेजारी.

शाबान सरता सरता घरतबाईंनी बजावलं होतं :
मुकादमकाका, रोजे धरा, पण गोळी सोडू नका.
सकाळची आता रोजा सोडल्यावर घ्यायची.
लघवीची मी बदलून देते,
आपल्या मनानं काही बंद करायचं नाही.
डोकं ठणकलं, छातीत दाटलं,
तर घड्याळाकडे बघत बसू नका.
मी म्हटलं, बाई, मी वीज मंडळातला माणूस,
उच्चदाब म्हणजे काय ते मला शिकवता?
त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, तिथे खांबावर कवटीची पाटी असते.
इथे पाटी नाही.

खैरूननं लोणचं, पापड, खारा बांगडा
सगळं बांधून नणंदेकडे धाडलं.
सेहरीला नाचणीची भाकरी, दही, केळं,
आणि पाणी, तांब्याभर पाणी.
अळणी, अळणी, अळणी.
दहा दिवस आकडे शहाण्यासारखे वागले.

दहाव्या रात्री तरावीहनंतर
अन्वरनं हाक मारली. श्रीवर्धनहून सुके बोंबील आले होते.
त्याच्या ओट्यापाशी उभ्या उभ्या खाल्ले,
चार म्हणता म्हणता किती, मोजले नाहीत.
घरी येऊन आडवा झालो.
गोळी पाकिटातच राहिली
चंदेरी कागदाखाली.

दुसऱ्या दिवशी तीन वाजून दहा मिनिटं.
मानेत ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होता.
एकशे शहाऐंशी, एकशे बारा.
पाच मिनिटं थांबून पुन्हा : एकशे चौऱ्याऐंशी.
तिनं पेन्सिल उचलली नाही.
आत गेली, पेला भरून आली.
मी म्हटलं, साडेतीन तास तर राहिलेत.
ती म्हणाली, प्या.
तिचे ओठ सुकून पांढरे झाले होते,
तिचा रोजा होता,
आणि पेला तिच्या हातात होता.

रोजा सोडणं आणि रोजा मोडणं,
एका अक्षराचा फरक.
एवढासा फरक घशातून उतरायला
किती वेळ लागला.

दवाखान्यात घरतबाईंनी विचारलं, रात्री काय खाल्लं?
मी भिंतीकडे बघितलं,
मीटरमध्ये फेरफार केलेली गिऱ्हाइकं बघायची
अगदी तसं.

पुढचे चार दिवस बाईंनी रोजे बंद ठेवले.
इमामसाहेब म्हणाले, आजाऱ्याला सूट आहे,
बरे व्हा, मग भरून काढा.
त्या संध्याकाळी खैरूननं खजूर ठेवले,
एक माझ्यापुढेही.
मी कशाला, म्हटलं, माझा तर—
गपचूप बसा, म्हणाली.
बांग झाली. दोघांनी खाल्ला.

मग उठून तिनं कॅलेंडरची पानं उलटली
थेट डिसेंबरपर्यंत, जिथे दिवस लहान असतात,
आणि लिहिलं : थकबाकी पाच.
उभ्या जन्मात मी किती दारांवर नोटिसा चिकटवल्या,
किती वायरी तोडताना शेजारी उभा राहिलो.
हे मंडळ वेगळं.
मुदत देतं, माणूस पाठवत नाही.

पट्टा गुंडाळून ठेवत होती.
मी म्हटलं, तुझा हात दे.
माझं काय, मी ठीक आहे, ती म्हणाली.
कुणी सांगितलं?
कुणी कशाला सांगायला हवं.

चाळीस वर्षं हे दार बंद बघून
मी सरासरी लावत आलो.
बाही वर कर, म्हटलं.
तिनं वेळ लावला.
मग केली.
पट्टा फुगू लागला.