वाफेची शिट्टी

अकरा दिवसांसाठी जकार्तात आलो होतो,
एका कापड गिरणीतले तीन बॉयलर तपासायला.
राहायला तेबेतमधली एक गल्ली,
जिच्यात समोरून कुणी आलं
की दोघांपैकी एकानं पोट आत घ्यायचं.

पहिल्या रात्री साडेनवाला शिट्टी ऐकली.
बारीक, न थांबणारी, वाफेची.
मी अंथरुणातून उठून थेट दारात.
कुठंतरी सेफ्टी व्हॉल्व्ह गळतोय!
एकतीस वर्षांच्या नोकरीनं पायांना लावलेली सवय,
डोकं सावकाश मागून येतं.

उंबऱ्यावर घरमालकीण, बू रात्मी, तांदूळ निवडत होती.
माझ्या अनवाणी पायांकडे बघून म्हणाली, "पुतू,"
आणि पाच बोटं जुळवून तोंडाकडे नेली.

या शहरात भूक आधी कानाला लागते.
वाडग्यावर चमचा किणकिणला, की मांसाच्या गोळ्यांचं सार.
पोकळ लाकडावर टोक टोक, की शेवया.
कढईच्या काठावर उलथनं आपटलं, की परतलेला भात.
आणि सातेवाला, मादुरा बेटाचा,
शेवटचा स्वर गल्लीच्या टोकापर्यंत ओढत नेतो
दोरी लावलेल्या बोकडासारखा.
हे सगळं बू रात्मीनं शिकवलं, मी निम्मंच ऐकलं;
डावा कान मी केव्हाच बॉयलरहाउसला देऊन टाकलाय.

शिट्टीवाल्याचं नाव वार्सिदी.
खांद्यावर कावड, एका बाजूला पीठ, दुसऱ्या बाजूला चूल,
चुलीवर पत्र्याचा डबा, डब्याला भोकं.
बांबूच्या नळीत हिरवं तांदळाचं पीठ,
मध्ये चिमूटभर ताडगूळ, पुन्हा पीठ,
नळी भोकावर उभी. मोजून घ्या, एक मिनिट.
मग काडीनं ढकलून केळीच्या पानावर,
वरून ओलं खोबरं, किंचित खारट.

मी डब्याभोवती एक फेरी मारली.
गेज नाही. प्लेट नाही. तपासणीची तारीख नाही.
डाग दिलेला, तोही घरीच दिलेला.
नियमानं तिथल्या तिथे सील ठोकायला हवं होतं.
मी सहा खाल्ले.
आतला गूळ वितळून वाट बघत होता,
जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं,
आणि कशाची आठवण झाली ते मी इथं सांगणार नाही,
गूळ-खोबरं म्हटलं की तुम्हीच ओळखाल.

काहीतरी विचारलं त्यानं. मी दुसरा कान पुढे केला.
त्यानंही मान वळवून त्याचा दुसरा कान पुढे केला.
तेव्हा कळलं: त्याचा उजवा गेलेला,
शिट्टी त्याच बाजूला असते.
मग मी त्याच्या डाव्या हाताला जाऊन उभा राहिलो.
माझा शाबूत कान, त्याचा शाबूत कान, समोरासमोर,
मध्ये वीतभर हवा,
आणि दोघांनाही एकमेकांची भाषा येत नाही.
एक शब्द तेवढा पोचला. "रासा?"
रस नव्हे, चव. चव कशी आहे.
मी मान डोलावली, ती कानाशिवायही ऐकू येते.

त्यानंतर रोज साडेनऊ.

दहाव्या रात्री मी त्याला माझ्या पेटीतली
कानात घालायची नारिंगी बोंडं दिली, नवी जोडी.
त्यानं आधी वास घेतला. मग दातांनी हलकेच दाबून पाहिलं.
मी खुणेनं सांगितलं, शिट्टी, कान, असं.
तो खूप वेळ हसला.
कान बुजवला तर गिऱ्हाइकाची हाक कोण ऐकणार?
तरी एक बोंडू घेतलंन,
आणि माझं मन राखायला
बहिऱ्या कानात नीट बसवलंन.
दुसरं परत. पुतूचे पैसे घेतले नाहीत.

अकराव्या दिवशी गिरणीत तिसरा बॉयलर.
दाब वाढवत नेला, काटा लाल रेघेशी,
व्हॉल्व्ह ठरल्या जागी उडाला.
सगळे कानांवर हात ठेवून मागे सरले.
मी वहीत लिहिलं: आवाज योग्य.
आणि त्या धगीत, तेलाच्या वासात,
सकाळच्या साडेदहाला,
तोंडाला पाणी सुटलं.