साडेअकरा किलो

मी फक्त मन्सारामच्या टपरीवर बोलले होते,
तेही चहा गाळून होईपर्यंत:
अडावदहून निघायचं, सातपुड्याच्या पोटापोटानं
थेट तोरणमाळ. पायी.
दुपारी भाजीवाली विचारत होती, सिस्टर, कधी?

मग माघार घ्यायला गावात जागाच उरली नाही.

उखानं बुटांचे तळ उसवून पुन्हा शिवले,
पैसे घेईना. परत येशी तवय दे, म्हणाला.
आणि नाही आले तर?
येशीच. टाका मना शेतस.

रेलसिंग गुरुजींनी वहीच्या मधल्या पानावर
नकाशा काढला, त्यात गावं कमी, झाडं जास्त:
इथे दोन अंजन, इथे वाकडी सालई,
इथे आग्रा रोड, ट्रक बघून ओलांडा,
इथे पाणी (असेल).
कंसातला शब्द त्यांनी खोडला नाही,
मलाही तेच बरं वाटलं.

नाशिकहून योगिनी: आई, गुडघे?
बराच वेळ गप्प. मग,
रोज रात्री मिस्ड कॉल दे.
रेंज नसेल तर नसेल, मी चिडणार नाही.
म्हणजे चिडेन, पण तू जा.

आदल्या रात्री ओट्यावर सामान साचत गेलं.
कळण्याचं पीठ, बिबड्या, तीन बॅटऱ्या,
विंचवावरचं कसलंसं मूळ,
कुणाच्या तरी नवसाचा नारळ,
आणि शेजारच्या दहावीतल्या पोराची शिट्टी.
वाघ दिसला तर वाजवा.
नाही दिसला तर?
तरी वाजवा ना, मावशी.

सकाळी केळीच्या काट्यावर सॅक ठेवली.
साडेअकरा किलो.
भगा हमालानं ती एका हातानं तोलली,
घड तोलतात तशी,
म्हणाला, सिस्टर, यामा आर्धी लोकेसनी भीती शे.
ती आठेच ठेव.
दोन बॅटऱ्या गेल्या, नारळ गेला, जाड चादर गेली.
शिट्टीला मी हात लावू दिला नाही.

उनपदेवपर्यंत पंधरावीस जण होते.
गरम झऱ्यात पाय सोडून बसले, आणि तिथूनच पांगले,
कुणाची गाय व्यायची, कुणाच्या मळ्यात
आठला लाइट येणार.
निरोपाचं असं कुणी काही बोललं नाही.
उखा नुसता माझे बूट बघत होता.

तीस वर्षं याच वाटेनं येत होते मी.
जीप थांबायची तिथून पुढे खांद्यावर निळी पेटी,
पेटीत बर्फ, बर्फात लस,
बर्फ विरघळायच्या आत शेवटचा पाडा,
आणि परत.
शेवटच्या पाड्यामागे डोंगराची एक धार.
दर खेपेला तिच्याकडे पाठ करून बसले
आणि रजिस्टर भरलं.
तिच्या पलीकडे माझं सबसेंटर नव्हतं.

जतनबाई अंगणात तूर बडवत होती.
मला बघून तिची नातवंडं पळाली, सवयीनं.
आज काय टोचणार?
काही नाही.
मग?
मी धारेकडे बोट केलं.
ती हसली नाही. भोपळ्यातलं पाणी
माझ्या बाटलीत गळ्यापर्यंत ओतलं.
वर गेलीस की मावळतीकडे वळ, म्हणाली.
वारा उजव्या कानाला लागला पाहिजे.
तोंडावर लागला तर चुकलीस,
थांब, पुन्हा वळ.

चढ लागला.
पाठीवर दोन्ही पट्टे सारखेच आवळलेले,
तरी चालताना डावा खांदा वर, उजवा खाली,
नसलेल्या पेटीला जागा करून देत.

धारेवर पोचले तर
पुढे आणखी एक धार होती.
तिच्या मागे, धुरकट, आणखी एक.
वाघ कुठेच नव्हता.
मी शिट्टी वाजवली, एकदा, मग जरा जोरात.
अडावदला ऐकू जाण्याइतकं ते जवळ नाही,
ठाऊक आहे मला.

उजवा कान गार पडला होता.