चार बाय दीड

काच बारा मिलिमीटर. चार फूट बाय दीड.
टाकी हॉलमध्ये आली त्या दिवशी नागपूर पंचेचाळीसवर,
कुलरच्या टपातलं पाणीसुद्धा बोटाला चटका देणारं.
कुंदा म्हणाली, नळ एक दिवसाआड,
आणि तुम्हाला घरात तळं हवं.

मी कागद पसरला.
पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं,
हात सरळ रेषेला सरावलेला:
पाळ, सांडवा, कालवा, गेट.
पहिला नकाशा झाला तो असा,
दगड बरोबर मध्यभागी, दोन्हीकडे सारखी झाडं.
नात वाकून म्हणाली, आबा, हे तर कलेक्टर ऑफिस.

खोडलं.

कन्हानच्या पात्रातले तीन दगड,
एकाच पाण्यानं घासलेले, म्हणून शेजारी शोभणारे.
मोठा डावीकडे, जरा कलता,
पुरानं आणून टाकावा आणि विसरून जावं तसा.
तासभर बघत बसलो.
आणखी दोन बोटं डावीकडे.
कुंदानं चहा ठेवला, निवला, उचलून नेला.

आता सगळ्यात खाली गाळ.
इथं हात थांबला.

भंडाऱ्याकडच्या एका तलावावर
लहानू मारबते नावाचा ढिवर
मांडीभर पाण्यात उभा राहून म्हणाला होता,
साहेब, गाळ सप्पा खरवडू नोका जी,
यात चिऊल आहे, गाद आहे,
हे गेलं तं मासा ऱ्हाईल कोठी?
मी म्हणालो, खोलीकरण मंजूर आहे.
एस्टिमेटमध्ये गवताला रकाना नव्हता.
चार पोकलेन, एकवीस दिवस,
तलाव घासलेल्या कढईसारखा लख्ख.
फोटो जोडले, बिल निघालं.
पुढच्या वर्षी पाणी काठोकाठ होतं.
लहानू दिसला नाही.
मीही विचारलं नाही.

तीन बोटं गाळ, त्यावर धुतलेली वाळू,
मागे चढती, पुढे उतरती.
चिऊल हल्ली सीताबर्डीच्या दुकानात मिळते,
लॅटिन नावानं, काडीला वीस रुपये.
लांब चिमट्यानं एकेक मूळ रोवलं,
चष्मा दोनदा पाण्यात पडला.

पहिल्या आठवड्यात पाणी दुधाळ.
दुसऱ्या आठवड्यात काचेवर तपकिरी साय,
निम्मी पानं विरघळून गेली.
दुकानदार म्हणाला, हात लावू नका काका.
हात न लावणं
मला कोणी शिकवलंच नव्हतं.

वरच्या मजल्यावरचे चौरागडे
रोज संध्याकाळी येऊन काचेला डोळे लावतात.
मासे कुठायत?
अजून नाहीत.
मग आहे काय यात?
तळ आहे, म्हणालो.
त्यांनी कुंदाकडे पाहिलं, कुंदानं पंख्याकडे.

दुपारी पाणी तापतं.
बाटल्यांत बर्फ गोठवून सोडतो,
त्या झाडांवरून हळूहळू हिंडतात,
सावली इकडची तिकडे नेतात.
कुंदा कुरकुर करते, फ्रीजमध्ये कैरीला जागा नाही;
पण तिसऱ्या प्रहरी मी डोळा लावला की
बाटल्या बदललेल्या असतात.

पाचव्या आठवड्यात, एका सकाळी,
काचेच्या तळकडेला, गाळात, पांढरं मूळ.
दोऱ्याएवढं.
आणि न बोलावता आलेली एक गोगलगाय
नव्या पात्यावर, घाई नसलेली.
मी नातीला उठवायला गेलो, आणि मध्येच थांबलो.
सहा वाजले होते.
झोपू दिलं.

मासे नऊ आणले, करंगळीच्या पेराएवढे,
रुपेरी, बाजूला एक काळा ठिपका.
पिशवीचं तोंड सोडलं, आणि क्षणात नाहीसे.
नात नाक चपटं करून दहा मिनिटं काचेशी.
आबा, एक पण दिसत नाही!
पोकळ दगडाआड काहीतरी हललं,
चिऊल वाकली, पुन्हा सरळ झाली.
जिन्यावर चौरागड्यांची चप्पल वाजली.
मी तिच्या कानाशी म्हणालो,
दिसले तरी सांगू नको त्यांना.